पोत्यावरचा नंबर

काळजी करण्याच्या कामात आमच्या हिच्या काकांचा हात धरील असा माणूस उभ्या माळव्यात सापडायचा नाही. पाऊस आला की गोदामातला माल भिजेल, नाही आला की जनावरं उपाशी मरतील. दुकानात गिऱ्हाईक नसलं की धंदा बसला, गर्दी झाली की या घाईत कुणाला तरी चुकीचं पोतं जाणार. काकांचा जीव बारा महिने टांगणीला. हा वारसा जुना आहे म्हणतात. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात घोड्यांच्या चंदीवर देखरेख करत. पुढे संस्थान गेलं, घोडे गेले, हरभऱ्याची पोती तेवढी मागे उरली आणि त्यांवरच घरच्यांनी छावनीच्या धान्यबाजारात दुकान मांडलं. हरभऱ्याशेजारी गाई-म्हशींसाठी सरकी आली, सरकीमागून पेंड, चुनी, कोंडा. एका गाळ्याचे तीन झाले. भावांनी गाळे वाटून घेतले आणि काळजी सगळी काकांना दिली, असं आमची ही म्हणते.

पोतं दिसलं की त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळची मूठ वर काढायची, हुंगायची आणि थोडी तोंडात टाकून चावायची, ही त्यांची जन्माची खोड. मग ते पोतं कुणाचं का असेना. आमचं लग्न ठरवायला ते सांगलीला आले, तेव्हा पाणी मागायच्या निमित्ताने थेट स्वयंपाकघरात शिरले आणि गव्हाच्या कोठीत हात घातला. माझी आई हातात तांब्या धरून बघतच राहिली. काका बाहेर आले आणि भर बैठकीत म्हणाले, "गहू एकदम सूखा आहे. मुलगी द्यायला काही हरकत नाही." माझी पदवी, माझी इथली, विजय नगरातली नोकरी, कुणी विचारलीसुद्धा नाही. दुकानात त्यांच्या टेबलावर एका बशीत कायम नव्या मालाचा नमुना असतो. कर्जाची चौकशी करायला आलेल्या बँकेच्या साहेबांनी बोलता बोलता ती अर्धी बशी शेव समजून संपवली. काकांनी त्यांना अडवलं नाही, उलट घाबरेघुबरे होऊन विचारलं, "चव बरोबर आहे ना, साहेब?"

हे कर्ज समीरच्या कारखान्यासाठी होतं. समीर म्हणजे काकांचा मुलगा. त्याने देपालपुरच्या रस्त्याला गोळी पेंडेचा कारखाना घातला आणि बापलेकांत ठिणगी पडली. काकांचा नियम असा, की नव्या गिऱ्हाइकाचं जनावर आधी डोळ्यांनी बघायचं, मग माल द्यायचा. समीरला माल शंभर गावांत पाठवायचा होता. "बाबा, लॅब आहे ना आपल्याकडे! टेन्शन कशाला घेता?" तो म्हणायचा. काका त्याच्याशी बोलणं टाकून माझ्याकडे वळायचे. "जावईबापू, या कारखान्याच्या एमडी साहेबांना विचारा, लॅब कोणत्या म्हशीला ओळखते?" मी आपला दोघांच्या मधे बसून मान हलवायचो. 

अशातच पहिला मोठा माल बाहेर पडला आणि दोन-चार दिवसांत सकाळी सकाळी फोन आला. देपालपुरजवळचा मांगीलाल, काकांचं जुनं गिऱ्हाईक. "सेठजी, तमारो नवो दाणो खायो ने भैंस बैठगी. जुगाली छोड़ दी हे." जनावराने रवंथ सोडला म्हणजे काय, हे मला काकांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी समीरला एवढंच सांगितलं, "मशीन बंद कर." समीरने लगेच मशीन बंद करायला लावलं. म्हैस गेली असती तर संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं असतं आणि चार पिढ्यांचं नाव तिच्याबरोबर गेलं असतं, हे त्यालाही कळत होतं.

आम्ही तिघे पोचलो, तेव्हा मांगीलालच्या गोठ्यात म्हैस बसली होती, पोट फुगलेलं, मान जमिनीला टेकलेली. डॉक्टर औषध पाजून गेले होते. उन्हं कलायच्या आत रवंथ सुरू झाला तर वाचली, म्हणाले होते. काका तिच्या डाव्या कुशीला हात लावून जमिनीवर बसले.  समीर आधी दारात उभा राहून लॅबवाल्यांना फोन करत होता. मग त्याने फोन खिशात ठेवला आणि नव्या पँटसकट शेणात, बापाशेजारी, बसला. आम्ही सगळे त्या म्हशीच्या जबड्याकडे बघत होतो. माशी बसली तरी वाटे, हलला. मी आयुष्यात कुठल्याही परीक्षेच्या निकालाची इतकी वाट पाहिली नाही.

उन्हं कलली. आणि मग म्हशीच्या गळ्याशी काहीतरी वर सरकलं, जबडा एका बाजूला गेला, परत आला. "करी री हे!" मांगीलाल ओरडला. त्याच्या बायकोने मात्र तोंडाला पदर लावला आणि रडत रडत सांगून टाकलं, की लग्नघरची उरलेली पुरी आणि लापशी तिनेच टोपलंभर म्हशीपुढे ओतली होती. समीर उसळून उठला. "बघितलंत, बाबा? आपला माल नव्हताच!"

काकांना आनंद झालेला दिसला नाही. परतीच्या वाटेवर गाडीत ते मला मधे न घेता सरळ मुलाशी बोलले. "मांगीलालजवळ माझा नंबर होता, म्हणून त्याने फोन केला. आता तुझ्या गाड्या मानपुरपर्यंत जाणार. तिथे कोणाची म्हैस बसली, तर तो कोणाला सांगणार रे?"  पुढच्या खेपेला माल निघाला, तेव्हा प्रत्येक पोत्यावर मोठ्या आकड्यांत काकांचा मोबाइल नंबर छापलेला होता. समीरने कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

मग काय विचारता! लग्नात, तेराव्यात, डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडं असताना काकांचा फोन वाजायचा आणि ते आख्ख्या जगाला थांबवून "हां भिया, गोबर कसा कर री हे?" असं विचारायचे. धंदा वाढत गेला. माल मानपुरच्याही खाली घाट उतरून निमाडात जाऊ लागला. आणि माल चांगलाच निघत असल्यामुळे हळूहळू फोन कमी होत गेले. हल्ली दिवस दिवस येत नाहीत. परवा दुकानात गेलो, तर काका फोन समोर ठेवून बसले होते. मी बरं वाटावं म्हणून म्हटलं, "काका, फोन येत नाहीत म्हणजे सगळं ठीक चाललंय."

"हाओ, ठीकच चाललं असणार," ते म्हणाले. "पण ठीक चाललंय, हे सांगायला कोणी फोन नाही करत, जावईबापू."

मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.  त्यांनी सदऱ्याच्या टोकाने फोनची काच पुसली, आवाज मोठा आहे ना ते बघितलं आणि तो परत समोर ठेवला.