तांबूची शिकवणी

"परत."

हा आपांचा शब्द. आवाज न चढवता, चुटकी वाजवून म्हणायच्या. कुत्रीला म्हणायच्या, मला म्हणायच्या, आणि कधी कधी स्वयंपाकघरात एकट्या असताना स्वतःलाही.

सौदीतल्या हफ्र अल बातिन शहरातल्या आमच्या गल्लीत मराठी बोलणारी दोनच घरं होती. एक आमचं, सांगलीकडचं. दुसरं आपांचं, रत्नागिरीच्या खाडीकाठचं. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना आपा म्हणायची. एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये त्या रक्त काढायच्या. हात इतका हलका, की मुलं रडायचं विसरून जात.

मग तो अपघात झाला. दम्मामहून परतताना संध्याकाळच्या उजेडात रस्त्यावर उंट आडवा आला. गाडी त्यांचे पती चालवत होते. ते जागीच गेले. शेजारी बसलेल्या आपांना नुसतं खरचटलं. पतीला इथेच दफन केलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तुम्ही वाचलात, अल्लाची मेहेरबानी." आपा मान डोलवायच्या.

वाचल्या खऱ्या, पण काहीतरी त्या रस्त्यावरच राहिलं होतं. बाहेर एखाद्या ट्रकने करकचून ब्रेक दाबला, की आपांचा श्वास अडायचा, हातपाय गार पडायचे, समोरचं दिसेनासं व्हायचं. एकदा हे लॅबमध्येच झालं. हातातला ट्रे पडला, रक्ताच्या नळ्या फुटल्या. मॅनेजरने बोलावून सांगितलं, "असं पुन्हा झालं तर करार वाढवता येणार नाही." करार नाही म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना नाही, आणि इकामा नाही म्हणजे घरची वाट.

"मग जा ना घरी," मी म्हटलं. "भाऊ आहेत, माणसं आहेत."

"जायचं असेल तेव्हा माझ्या पायानं जाईन गो," आपा म्हणाल्या. "आजारानं हाकललं म्हणून नाही जायची."

मुंबईचे एक मानसोपचारतज्ज्ञ त्यांना व्हिडिओवरून बघायचे. गोळ्या चालू होत्या. बोलता बोलता डॉक्टर म्हणाले, की काही देशांत अशा आजारासाठी खास शिकवलेली कुत्री असतात. माणूस घाबरायला लागला की त्यांना आधी कळतं, ती अंगावर भार देऊन बसतात, माणसाला भानावर आणतात. तुमच्याकडे मिळणं कठीण, असंही ते म्हणाले.

"मिळत नाही तर घडवायला लागेल," आपा मला म्हणाल्या. आणि आठवड्याभरात बांधकामावरच्या विटांमागून एक वाळवंटी पिल्लू उचलून आणलं. कान मोठे, पाय काटक्या, रंग तांबूस. नाव तांबू.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. गावाहून भावाचा फोन आला. "घरात कुत्रं? नमाजाचं काय?" मी समोरच बसले होते. आपा शांतपणे म्हणाल्या, "नमाजाची खोली वेगळी आहे, कपडे वेगळे आहेत. माती आहे, पाणी आहे. कुत्र्याची लाळ लागली तर कसं धुवायचं ते मला शिकवलंय आपल्या आईनं." तांबूला अंगणालगतची बाहेरची खोली मिळाली. तिला मांडीवर घ्यायच्या आधी आपा जाडजूड सतरंजीच्या कापडाचा एप्रन बांधायच्या. चाटायला मात्र सक्त बंदी. इथले गुरांचे डॉक्टर सुदानी होते. शेळ्या, उंट आणि ससाणे तपासण्यात त्यांचा जन्म गेलेला. कुत्रीला काय शिकवायचं आहे ते ऐकून ते खो खो हसले. मग लस टोचली, आणि पिल्लाला शिक्षेने नाही, खाऊने कसं शिकवायचं ते अर्धा तास समजावून सांगितलं.

शिकवणी सुरू झाली. तुम्ही कुणाला स्वतःच्या भीतीची नक्कल करताना पाहिलंय? आपा खुर्चीत बसून मुद्दाम भराभर श्वास घ्यायच्या, हात थरथरवायच्या. तांबूने येऊन मांडीवर छाती टेकली की उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. नाही टेकली तर, "परत."

माझी नेमणूक गोंगाटावर होती. मी दाराआड उभं राहून स्टीलचं ताट फरशीवर आपटायचं आणि तांबूने दचकायचं नाही. मला कुत्र्यांची भयंकर भीती. पहिल्या दिवशी ताट आपटून मीच किंचाळले. तांबूने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेतली हुशार मुलगी ढ मुलीकडे पाहते.

"आता हिला शिकवू, की तुला?" आपा म्हणाल्या. अपघातानंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नक्कल करता करता कधी खरंच झटका यायचा. एका दुपारी हसता हसता त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. मी पाणी आणायला धावले. परत येते तो तांबू त्यांच्या मांडीवर आडवी, डोळे त्यांच्या चेहऱ्यावर. आपांची बोटं तिच्या पाठीवरच्या केसांत रुतलेली. हळूहळू श्वास लांबला.

"खाऊ दे तिला," आपा कशाबशा म्हणाल्या. "उशीर केलास तर तिला कळणार नाही कशाबद्दल मिळाला."

दवाखान्यात कुत्री नेण्याची परवानगी त्यांनी मागितली. मिळाली नाही. मला वाटलं, आता सगळं वाया. पण आपांनी वेगळंच काही हेरलं होतं. तांबू दरवेळी उठायची ती आपांना काही जाणवण्याच्या आधी. मग आपा स्वतःकडे बघायला लागल्या, की हिला दिसतं तरी काय? सापडलं. उजवा अंगठा आपोआप मुठीत जायचा. तेव्हापासून लॅबमध्ये अंगठा आत वळला, की त्या सुई खाली ठेवायच्या, सहकाऱ्याला खूण करायच्या आणि मागच्या बाकावर बसून श्वास मोजून घ्यायच्या. "कुत्री आत येऊ शकत नाही," त्या म्हणाल्या, "तिनं शिकवलेलं येतं." करार वाढला.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना दम्मामच्या मोठ्या लॅबमध्ये जागा मिळाली. माझ्या नवऱ्याने पोहोचवायची तयारी दाखवली.

"मी चालवणार," आपा म्हणाल्या. "तू चल सोबतीला, बसने परत ये."

मी पुढे बसले, तांबू मागे पट्ट्याने बांधलेली. दोन्हीकडे सपाट वाळू, दूरवर उंटांचे कळप. बराच वेळ आपा बोलत होत्या, मग रस्त्याच्या कडेकडे बघू लागल्या. अपघाताची जागा मला ठाऊक नव्हती, त्यांना ठाऊक होती. तांबूने सीटवर पंजा मारला आणि एकदाच भुंकली. आपांनी इंडिकेटर दिला, वेग कमी केला, गाडी कडेला वाळूत घेतली. एप्रन बांधून मागच्या सीटवर जाऊन बसल्या. तांबूने सगळा भार त्यांच्यावर टाकला. शेजारून ट्रक जायचा तशी गाडी हलायची. आपा रडत होत्या, आवाज न करता.

"आपा, मागे फिरू या?" मी विचारलं.

त्यांनी डोळे पुसले. "ते इथंच राहिले," त्या म्हणाल्या, "मी पुढे जाते." थोड्या वेळाने तांबूला खाऊ दिला, हात धुतले आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसल्या.

दम्मामला बसस्टँडवर त्यांनी मला सोडलं. मला मिठी मारून रडायचं होतं, पण मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न सुरू केला. "यल्ला, उतर गो, पोहोचलीस की फोन कर," आपा म्हणाल्या. गाडी पुढे सरकली. मी फूटपाथवर उभी राहून हात हलवत राहिले. आपांनी पाहिलं नाही. त्या आरशात बघून लेन बदलत होत्या.