पिवळा मणी

चौथाईताईच्या हाताला घाई कशी ती माहीत नव्हती. खाणीतून आलेल्या दगडाचा भुगा ती ताडपत्रीवर ओतायची, त्याचा टोकदार ढीग करायची, तळव्याने दाबून तो चपटा करायची आणि पट्टीने उभा-आडवा छेद देऊन चार वाटे पाडायची. समोरासमोरचे दोन वाटे ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. असं करता करता पोतंभर दगडाचा मूठभर नमुना व्हायचा. चौथाई करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तिचं नावच ते पडलं. घरीही तिची खोड सुटली नव्हती. घरात माणसं चार: ती, धाकटा भाऊ, भावजय आणि भाची. साबणाची वडीसुद्धा ती सुरीने चार ठिकाणी कापायची. भावजय म्हणायची, "आमच्या घरात भांडणालासुद्धा प्रत्येकाला पाव हिस्सा मिळतो."

मी शेजारच्या खोलीत वजनाच्या काट्यावर बसायचे. मला काटेवाली म्हणायचे. त्यातले निम्मे लोक ते माझ्या जिभेवरून म्हणायचे, हे मला ठाऊक होतं.

माझं काम सांगते, कारण सगळी गोष्ट त्यातच अडकली आहे. चौथाईताईने दिलेली पूड शिसं घालून मुशीत वितळवायची. दगडातलं सोनं आणि चांदी त्या शिशात उतरते. मग ती शिशाची गोळी हाडाच्या राखेच्या वाटीत ठेवून भट्टीत सारायची. वाटी शिसं पिऊन टाकते आणि तळाशी एक मणी उरतो, मोहरीपेक्षाही लहान. तो मी तोलायचे. मग ऍसिडात टाकायचे. ऍसिड चांदी खातं, सोन्याला हात लावत नाही. उरलेलं पुन्हा तोलायचं. दोन वजनांमधला फरक म्हणजे चांदी. रजिस्टरात दोन रकाने: सोनं, चांदी. आमच्या खाणीत सोन्याच्या तिप्पट चांदी निघायची, त्यामुळे मणी नेहमी पांढरा. इतक्या वर्षांत मी दुसऱ्या रंगाचा मणी पाहिला नव्हता.

नमुन्यांच्या खोलीत अंगावर दागिना घालायचा नाही, असा नियम दारावर लिहिलेला होता. चौथाईताईच्या बोटात मात्र तिच्या नवऱ्याने घातलेली अंगठी होती. सांधे सुजून ती बोटात रुतली होती, निघत नव्हती. ती त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची आणि साहेब काणाडोळा करायचे. या गोष्टीच्या आठ वर्षं आधी खाणीतल्या सात नंबरच्या पातळीत छत कोसळलं आणि तिचा नवरा त्याखाली गेला. त्यानंतर अंगठी कापून काढा असं तिला म्हणायची कुणाची छाती झाली नाही. सात नंबरच्या तोंडावर फळ्या ठोकल्या गेल्या.

त्या वर्षी खाणीला उतरती कळा लागली होती. टनाला एक ग्रॅम सोनं निघायची मारामार. टाळं लागणार अशी कुजबुज सुरू झाली, दुकानदार उधारीला नाही म्हणू लागले. अशात कुणीतरी फळ्यांच्या मागून पाच पोती दगड काढून आणला. चौथाईताईने त्याचे वाटे केले, मी मणी तोलले. पाचही पोत्यांत टनाला पाच-सहा ग्रॅम सोनं! लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. सात नंबर पुन्हा उघडायचं ठरलं. कुजलेले जुने खांब काढून नवे लावायला नऊ माणसांची टोळी नेमली, आणि तिचा मुकादम म्हणून चौथाईताईच्या धाकट्या भावाचं नाव लागलं.

त्या पाच पोत्यांचे मणी पिवळे होते.

हे मी आज सांगते आहे, तेव्हा सांगितलं नाही. पिवळे मणी ऍसिडात विरेचनात; चांदी इतकी कमी की सोन्याच्या आड ऍसिड तिच्यापर्यंत पोचेचना. मीच वरून चांदी घालून ते पुन्हा वितळवले, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. तिथल्या तिथे मी ओरडायला हवं होतं. पण महिन्यापूर्वीच एका चुकीवरून साहेबांनी मला चारचौघांत फाडून खाल्लं होतं. "पुन्हा चुकलात तर काटा दुसऱ्याला देईन," म्हणाले होते. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं. सोन्याचं वजन खरं होतं, विचारत होते तेही सोन्याचंच. चांदीच्या रकान्यात मी सवयीप्रमाणे तिप्पट आकडा टाकला आणि रजिस्टर मिटलं. त्याला अंदाज म्हणत नाहीत. खोटं म्हणतात.

ज्या दिवशी टोळी सात नंबरमध्ये उतरली, त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला चौथाईताई माझ्या खोलीत आली. ती कधी काम सोडून येत नसे. चेहरा राखेसारखा झाला होता. तिने मूठ उघडली. आत अंगठी होती, तुटलेली.

"आत्ता ढीग दाबताना तुटली," ती म्हणाली. "खालची बाजू बघ."

वरून अंगठी जाडजूड होती. तळव्याकडची बाजू मात्र झिजून दोऱ्यासारखी झाली होती. सात नंबरच्या टणक दगडाचे वाटे करताना चिकटपट्टी त्या बाजूने गोळा होऊन सरकली असणार आणि उघड्या सोन्यावर ती धारदार पूड घासली गेली असणार.

"अगं, बाकीची कुठे गेली?" तिने विचारलं.

उत्तर मला तिच्याआधी माहीत होतं. चिमूटभराचाही शंभरावा भाग सोनं पुडीत मिसळलं, तरी पोत्याचा आकडा पाच ग्रॅमवर जातो.

"माझ्या अंगठीचं सोनं मोजलं आपण," ती म्हणाली. "आणि त्याच्यामागे धाकटा त्या छताखाली गेलाय. चल माझ्याबरोबर साहेबांकडे."

साहेब म्हणजे आमचे केमिस्ट. माणूस वाईट नव्हता, पण त्याला भावनेपेक्षा रकाना कळायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा सारखा केला आणि माझं रजिस्टर मागवलं.

"ताई, घाबरू नका. अंगठीच्या सोन्यात चांदी नावालाच असते. इथे बघा, पाचही नमुन्यांत तिप्पट चांदी. हा आपल्याच खाणीचा दगड आहे. अंगठी झिजली असेल वीस वर्षांत, थोडी थोडी." मग माझ्याकडे वळले. "काय हो, काट्यावर काही वेगळं दिसलं होतं?"

"नाही," मी म्हणाले.

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. इतकं सोपं होतं ते.

आणि चौथाईताईने माझ्यावर विश्वास ठेवला. हे मला अजून सोसत नाही. तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "मग बरं बाई," ती म्हणाली, "मी उगाच सगळ्यांचा जीव टांगणीला लावला." अंगठीचे तुकडे रुमालाच्या टोकाला बांधून ती ताडपत्रीवर जाऊन बसली. भिंतीपलीकडून पट्टीचा सरसर आवाज येऊ लागला.

मी काट्यापुढे बसले. आमचा काटा काचेच्या पेटीत असायचा, श्वास लागला तरी हलायचा. त्या दिवशी तो थांबतच नव्हता. मी हात मांडीखाली दाबून धरले. दहा वाजले. साडेदहा. सात नंबरमध्ये काय असेल हे मी मनात आणायचं नाही म्हणत होते आणि तेच दिसत होतं: कुजलेला खांब हातोड्याने सैल केला जातोय, आणि त्याच्यावर आठ वर्षं टेकून बसलेलं छत. रोज दुपारी बाराला वरच्या पातळीवर सुरुंग उडायचे. सात नंबर लांब आहे म्हणून तिथल्या माणसांना हलवत नसत. त्या हादऱ्याने माझी पेटीसुद्धा खडखडायची.

मी स्वतःला समजावत होते. छत अजून शंभर वर्षं टिकेल. खांब नवे लावतायत की! आणि बोलले तर काय? काटा गेला. पेन्शन गेली. तोंड दाखवायला जागा नाही. नवरा घरी खोकत पडलेला, मुलगी लग्नाची. असे विचार करताना माणूस स्वतःला किती शहाणा वाटतो! अकराला भाची डबा घेऊन आली. चौथाईताई तिला म्हणाली, "तुझ्या बाबांचा वाटा झाकून ठेव गं, आज भुकेला येईल."

तिथे माझं धैर्य संपलं. धैर्य कसलं, गप्प बसायची ताकद संपली. तरी उठायला मला अर्धा तास लागला. साडेअकरा उलटून गेल्यावर मी साहेबांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "चांदी मी मनाने लिहिली. मणी पिवळे होते."

त्यांनी मला एकदाही शिवी दिली नाही. फोन उचलला. सात नंबरच्या तोंडाशी फोन होता, पण टोळी आत तीनशे पावलं होती. कुणीतरी चालत जाऊन त्यांना बाहेर काढायचं. वरच्या पातळीवर सुरुंग थांबवायला दुसरा फोन लावला, तो कुणी उचलेना. वाती लागायच्या वेळेला माणसं तिथून लांब गेलेली असतात. साहेब धावत सुटले. मागे वळून पाहिलं तर चौथाईताई मधल्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हाताची पूडही न झटकता ती खाणीच्या तोंडाकडे चालू लागली, आणि मी तिच्या मागून.

माणसं खाणीतून वर आणणाऱ्या पिंजऱ्याच्या जाळीपाशी आम्ही उभ्या राहिलो. बाराला पायाखालची जमीन हादरली. रोजच हादरायची. त्या दिवशी चौथाईताईने जाळी दोन्ही हातांनी धरली आणि तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असेल असं मला वाटलं. जवळ गेले तर ती आकडे मोजत होती: एक, दोन, तीन, नऊपर्यंत, आणि पुन्हा एकपासून. पिंजऱ्याची तार सैल लोंबत होती. कितीतरी वेळ ती हललीच नाही. मग ताणली गेली.

पिंजरा वर आला. पांढरेफटक चेहरे. एक, दोन, तीन... नऊ. धाकटा सर्वांत शेवटी उतरला. "काय झालं? का काढलं बाहेर?" तो ओरडत होता. "हादऱ्याने दोन ढेकळं पडली नुसती!" कारण कळल्यावर तो बहिणीवर उसळला. "ताई, खाण बंद पडेल आता! नऊ घरं उपाशी मारतेस? छताला काहीही झालेलं नाही!"

"नसेल," ती म्हणाली. "तू जेवून घे."

त्या छताला आजतागायत काही झालेलं नाही, असं म्हणतात. ते पडलं असतं की नाही, कुणालाच कळणार नाही. सात नंबरमधून नवे नमुने काढले, दुसऱ्या माणसाने वाटे केले, दुसऱ्याने मणी तोलले. टनाला अर्धा ग्रॅमही नव्हतं. फळ्या पुन्हा ठोकल्या. खाण आणखी दीड वर्ष रखडत चालली. धाकटा महिनाभर बहिणीशी बोलला नाही, मग बोलायला लागला. आम्हा दोघींना त्याच आठवड्यात घरी बसवलं. तिला नियम मोडला म्हणून, मला कशासाठी ते सांगायला नको.

शेवटच्या दिवशी मी कपाटाच्या किल्ल्या द्यायला गेले, तर ती तिथे माझी वाट बघत होती. त्या दिवसापासून आम्ही बोललो नव्हतो.

"सात नंबर पहिल्यांदा उघडलं, तेव्हाचं रजिस्टर काढ," ती म्हणाली.

मला कळलं. तेव्हाही वाटे तिनेच केले होते. तेव्हाही अंगठी बोटात होती. त्या आकड्यांवर भरवसा ठेवून सात नंबर खणलं, आणि त्यात तिचा नवरा उतरला. इतके दिवस ती हेच घेऊन बसली असणार. तेव्हाची पूड कधीच टाकून दिलेली, त्यामुळे तपासायला दुसरं काही उरलं नव्हतं.

मी रजिस्टर काढलं, पान उघडलं. आकडे बघून माझा जीव भांड्यात पडला. "बघ," मी म्हणाले, "सोन्याच्या तिप्पट चांदी. सगळीकडे. मणी पांढरे होते ताई, खरंच पांढरे होते. ते सोनं खाणीचंच होतं." आणि हे खरं होतं. त्या काळात मी एकही आकडा मनाने लिहिलेला नव्हता. शपथेवर सांगते.

तिने चांदीच्या रकान्यावरून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत, सावकाश. मग विचारलं, "हे अक्षर तुझंच ना?"

"हो," मी म्हणाले.

तिने रजिस्टर मिटलं, माझ्या हातात दिलं आणि ती घरी गेली.