जमनाबाईच्या कोठीतली वाईन

नाशिकहून पहाटेची एसटी धरली ती फक्त एका बाटलीसाठी. बायको म्हणाली, "वेड लागलंय तुम्हाला!" लागलंच होतं. बारा वर्षांपूर्वी मी केलेली ती पहिली रेड वाईन. "ही दहा वर्षं मुरेल," असं मी छातीठोकपणे सांगितलं, तर वायनरीचे मालक तोंडावर हसले आणि दोन वर्षांत सगळा माल विकून मोकळे झाले. मी चार बाटल्या घरी ठेवल्या, त्याही स्वयंपाकघराच्या माळ्यावर. उन्हाळ्यांनी त्यांचं व्हिनेगर करून टाकलं. वाईन करणाऱ्याची ही अक्कल!

उरली होती एकच, धडगावकडच्या डोंगरात, खेमाकडे. खेमा आणि त्याची बायको जमनाबाई त्या वर्षी आमच्या मळ्यात द्राक्षतोडणीला आणि पुढे बाटल्या भरेपर्यंत कामाला होते. ते गावी निघाले तेव्हा मी जमनाबाईच्या हातात बाटली दिली. "आडवी ठेवा, अंधारात, गारव्यात. दहा वर्षांनी मी येतो, मिळून उघडू." परवा खेमाचा फोन आला, "भाऊ, बाटली आहे अजून. या."

सारंगखेड्याला तापी ओलांडली. काय ते पात्र! खिडकीबाहेर बघता बघता हातातला चहा शर्टावर सांडला. शहाद्याला जीप मिळाली. चालक म्हणाला, "रस्ता खराब शे, भाऊ. पण पोचाडी दिसू." पोचवून देणार, एवढं मला कळलं. घाटात सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक उघडत गेल्या.

खेमा अंगणात उभा होता, केस पांढरे झालेले. मी विचारलं, "जमनाबाई कुठंय?"

"दिवाळीआधी गेली, भाऊ. तापात. दोन महिने झाले."

फोनवर का नाही सांगितलं, असं विचारणार होतो. पण बारा वर्षांत मी तरी कुठे फोन केला होता?

त्यानं कोठी (बांबूची, शेणामातीनं सारवलेली धान्याची कणगी) दाखवली. दरवर्षी ज्वारी तळाला आली की जमनाबाई बाटली काढायची, पुसायची, कोठी सारवायची, पुन्हा बाटली आडवी ठेवून वर नवी ज्वारी ओतायची. या वर्षी तळाशी त्याचा हात बाटलीला लागला, तेव्हा त्यानं मला फोन केला.

बाटली हातात घेतली तर माठासारखी गार. बूच अर्ध्यात तुटलं, मी स्वतःलाच शिव्या घातल्या. पण वास आला मात्र, मी बाटली नाकाशीच धरून ठेवली. सुकं अंजीर, ओली माती, जुनं चामडं. आंबूसपणाचा मागमूस नाही.

खेमानं पळसाच्या पानाचा द्रोण काठोकाठ भरला आणि जमिनीवर ओतायला लागला. धार टाकणं (पहिला घोट गेलेल्यांना देणं) मला माहीत होतं, पण ती दोन थेंबांची असते!

"अरे अरे, खेमाभाऊ, एवढी?"

"तिनं तोडलेली द्राक्षं," तो म्हणाला, आणि द्रोण पूर्ण रिकामा केला.

लाजेनं मान खाली गेली. मग मला द्रोण मिळाला. ही वाईन कोवळी असताना कच्च्या जांभळासारखी तोंड ओढायची. आता तो तुरटपणा मऊ झाला होता, कडेला विटकरी रंग चढला होता, आणि घोट गिळल्यावरही चव कितीतरी वेळ रेंगाळत होती. हे मी केलं? छे! मी फक्त सुरुवात केली होती. भाकरी आणि उडदाच्या डाळीबरोबर आम्ही प्यालो.

"अजून किती टिकली असती?" खेमानं विचारलं.

"पाच-सात वर्षं आरामात."

त्यानं द्रोण खाली ठेवला. "दहा वर्षं झाली तेव्हापासून ती विचारायची, भाऊ कधी येणार. मी म्हणायचो, कामात असतील."

परतीच्या एसटीत रिकामी बाटली मांडीवर होती. लेबलाला ज्वारीचा एक दाणा चिकटलेला. माझा अंदाज खरा ठरला होता, मालकांना जाऊन ठणकावून सांगावं असा. पण वाईन किती थांबेल एवढंच मी बघितलं. जमनाबाई दोन वर्षं जास्त थांबली, आणि मी दोन महिने उशिरा पोचलो.