देवघराजवळचा प्लग

चहा थंड झाला असला तरी प्रभुलिंग त्यावर फुंकर मारायचा.

कुठलीही फाईल सेव्ह केली की तोंडातल्या तोंडात "बसवा" म्हणायचा, देवाचं नाव घेतल्यासारखं.

माऊसखाली त्याचं पॅड म्हणजे जुन्या फ्लेक्सचा तुकडा. त्यावर कुणातरी कार्यकर्त्याचा अर्धा गॉगल.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ज्याचा वाढदिवस असेल त्याचा चेहरा तो एक छटा उजळ करायचा. त्याला न सांगता.

प्रिंटरची टेस्ट पेजेस कधी फेकायचा नाही. घरी कोऱ्या बाजूवर वहिनी, म्हणजे त्याची बायको, बाजाराची यादी करायच्या. उरलेली आव्वांच्या भाकरीच्या टोपलीत तळाला जायची.

आणि घराचा जिना चढताना मध्येच थांबायचा. खिशातून मोबाइल काढायचा, बघितल्यासारखं करायचा, मग वर जायचा.

या सगळ्या सवयी स्वप्नालीला पाठ होत्या. त्या थांबण्याचा अर्थ तेवढा तिला कळला नव्हता.

प्रभुलिंग आणि स्वप्नाली एकाच दुकानात कामाला होते. अमरसिंहचं फ्लेक्सचं दुकान, रंकाळ्याच्या रस्त्याला. प्रभुलिंग डिझाइन करायचा. स्वप्नाली मजकूर बघायची. मराठीत एम.ए. करून ती 'युवकांचे आशास्थान' आणि 'दिलदार व्यक्तिमत्त्व' यांचे ऱ्हस्व-दीर्घ तपासत होती. पहिल्या दिवशी ती रडवेली होऊन बसली होती. प्रभुलिंगनं तिच्यापुढं चहा ठेवला.

"ओ साहित्यिक," तो म्हणाला, "पुस्तक शंभर माणसं वाचतात. आपलं अख्खा चौक वाचतोय. सिग्नल लागला की दोनदा."

ती हसली. तिथून ओळख झाली. तो तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठा होता. ती त्याला प्रभूदा म्हणायची. हळूहळू त्याच्या घरी जाऊ लागली.

घर शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात. खाली एक खोली नि स्वयंपाकघर, वर एक खोली. घरात चौघं. प्रभुलिंग, त्याची बायको विद्याश्री, दहावीतली मुलगी भूमिका आणि आई गंगव्वा. आईला सगळे आव्वा म्हणायचे. आव्वा मूळच्या सीमेपलीकडच्या. रागावल्या की कानडीत जायच्या.

घरात कॉम्प्युटर दोन. वरचा प्रभुलिंगचा, त्यावर लिनक्स, रीतसर फुकट मिळणारं. दुकानात चोरीची सॉफ्टवेअर चालवावी लागतात, निदान घरात तरी चोरीचं नको, असं त्याचं म्हणणं. खालचा भूमिकाचा लॅपटॉप, त्यावर विंडोज. प्रिंटर तिच्या लॅपटॉपला जोडलेला.

"पप्पा, तुमचं ते जगात कुणी वापरत न्हाई," भूमिका म्हणायची.

"म्हणून तर स्वच्छ हाय," प्रभुलिंग म्हणायचा.

वरच्या कॉम्प्युटरवर 'घर' नावाचं एक फोल्डर होतं. भूमिका जन्मल्यापासूनचे सगळे फोटो त्यात. शिवाय प्रभुलिंगचे वडील, बसाप्पा, यांनी रंगवलेल्या दुकानांच्या पाट्या. बसाप्पा पेंटर होते. फ्लेक्स आले नि पाट्या उतरू लागल्या. उतरायच्या आधी प्रभुलिंग कॅमेरा घेऊन जायचा. पेठेतली न्हाव्याची पाटी, सायकलवाल्याची पाटी, मटणाच्या दुकानावरचा हसरा बोकड. सगळं त्या फोल्डरात.

हे फोल्डर भूमिकाला खालून, तिच्या लॅपटॉपवरून उघडता यावं, आणि वरून दिलेली प्रिंट खाली निघावी. बस्स. एवढ्यासाठी तो श्रावणापासून झटत होता.

"पेन ड्राइव्हवरून द्या की तिला," वहिनी म्हणायच्या. "दोन मिनिटांचं काम."

"पेन ड्राइव्हवर कॉपी जाती. कॉपी केली की दोन घरं झाली. इथं माल एकाच ठिकाणी, दार दोन्हीकडं."

"मग जिना चढून वर जाऊन बघंल ती."

"आणि मी घरात नसलो तर? माझा पासवर्ड, माझं सगळं. तिला तिच्या तिला उघडता आलं पायजे."

यावर वहिनी उठून स्वयंपाकघरात जायच्या. स्वप्नालीला वाटायचं, कॉम्प्युटरच्या गप्पांना कंटाळल्या.

गंमत अशी की ते चालायचं. दुपारी दुकानातून जेवायला आला की प्रभुलिंग सगळं लावायचा. दोन्ही मशीनना एकाच वर्कग्रुपचं नाव. शेअरिंगसाठी भूमिकाच्या नावाचा वेगळा पासवर्ड. वरून प्रिंट द्यायची, खालून प्रिंटर घरघरायचा. टेस्ट पेज हातात घेऊन तो दुकानात यायचा, ताम्रपट आणल्यासारखा.

"झालं!"

संध्याकाळी क्लासवरून आली की भूमिकाचा फोन यायचा. "पप्पा, दिसत न्हाई."

"दिसंल की. परत बघ."

"नेटवर्क पाथ सापडत न्हाई म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. त्यानं पासवर्ड बदलला. फायरवॉल बघितली. विंडोजचा अपडेट आला असेल म्हणाला. अमरसिंह म्हणायचा, "प्रभू, तू त्या दोघांचं लग्न लावाय बघतोयस, पत्रिकाच जुळंना. सोड की." सगळं दुकान हसायचं. प्रभुलिंगही हसायचा, पण माऊसवरचा हात थांबलेला असायचा.

घरातलं नेटही रोज संध्याकाळी थोडा वेळ जायचं. केबलवाल्याला शिव्या घालून सगळे गप्प बसायचे. या दोन गोष्टींचा संबंध कुणी लावला नव्हता.

तो लागला एका शनिवारी. दुकान लवकर बंद झालं, म्हणून स्वप्नाली त्याच्याबरोबर घरी आली. तो वर खुर्चीत, ती खाली जिन्याजवळ लॅपटॉप मांडीवर घेऊन. फोल्डर उघडलेलं. ती एकेक पाटी बघत होती. बोकडाचा फोटो आला नि पुढचा उघडेना.

"प्रभूदा, गेलं!"

"गेलं? काय केलंस?"

"काहीच नाही. बसलेय."

तिनं मान वर केली. समोर देवघर. आव्वा कपाळाला विभूती लावून बसायच्या तयारीत होत्या. भिंतीत एकच सॉकेट. त्यातला एक पांढरा प्लग त्यांनी काढून अलगद खाली ठेवला होता आणि दुसरा लावत होत्या. बसवण्णांच्या फोटोभोवती बारीक दिव्यांची माळ लागली. लाल, हिरवी, लाल, हिरवी. आव्वांनी गळ्यातलं इष्टलिंग हातावर घेतलं नि डोळे मिटले.

पांढऱ्या प्लगची वायर वर फळीवरच्या नेटच्या राउटरला जात होती.

स्वप्नालीला कॉम्प्युटरमधलं फार कळत नसे. पण वायर कुठून कुठं जाते हे कळलं. ती जिन्याखाली उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "प्रभूदा, खाली या. आवाज न करता."

तो आला. मध्ये थांबला, मोबाइल बघितला, मग आला. तिनं बोट दाखवलं. तो बघतच राहिला. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि तोंडावर हात ठेवून हसायला लागला. खांदे हलत होते. डोळ्यांतून पाणी आलं.

"आव्वा," तो पुटपुटला. "आमची आव्वा. आणि मी ते फायरवॉल शोधतोय."

पूजा होईपर्यंत दोघं पायरीवर बसले. तो तिला समजावत होता. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. बंद करून चालू केला की नंबर नव्यानं वाटतो. जो आधी येईल त्याला आधी. चार मोबाइल रांगेत पुढं घुसतात. वरच्या कॉम्प्युटरला रोज वेगळा नंबर मिळतो, नि भूमिकाचा लॅपटॉप कालच्याच नंबरावर दार वाजवत बसतो.

"आव्वांना सांगा की, प्लग काढू नका म्हणून," स्वप्नाली म्हणाली.

"न्हाई. ती माळ मीच आणून दिली हाय तिला. माळ लागल्याशिवाय तिचा देव जागा होत न्हाई." त्यानं डोळे पुसले. "उद्या बोर्ड आणतो एक. राउटरला एक बटण, देवाला एक. मग नंबर पण पक्का करून टाकतो. संपलं."

आव्वांनी डोळे उघडले. माळ काढली. पांढरा प्लग पुन्हा जाग्यावर लावला. मग पायरीवरच्या दोघांकडं बघून म्हणाल्या, "काय रे, दोघं शाळेबाहेर काढल्यागत बसलाय?"

रविवारी सकाळी त्यानं बोर्ड आणला. वरचा कॉम्प्युटर चालूच ठेवला, भूमिकाच्या लॅपटॉपवर नवा नंबर घातला, फोल्डर उघडून दाखवलं. "आता संध्याकाळपर्यंत टिकतंय का बघ," म्हणाला. शेजारच्या आकारामकडून ड्रिल मागून आणलं. सॉकेटजवळ भिंतीवर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. आव्वा बघत होत्या.

"आव्वा, तुझ्या माळेला स्वतंत्र बटण करून देतोय."

"मला कशाला? आहे त्यात भागतंय की."

"आमचं भागंना झालंय."

पहिलं भोक पाडलं. स्क्रू बसवला. तेवढ्यात अमरसिंहचा फोन आला. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, अर्जंट, गिऱ्हाईक दुकानात येऊन बसलंय. प्रभुलिंगनं ड्रिल खुर्चीवर ठेवलं. "आलोच," म्हणाला.

फ्लेक्स त्यानं पूर्ण केला. त्या पोराचा चेहरा एक छटा उजळ केला. सेव्ह करताना बसवा म्हणाला. स्वप्नालीनं ऐकलं. मग त्यानं चहा मागवला. चहा आला तेव्हा त्याचं डोकं टेबलावर होतं. तिला वाटलं, चेष्टा करतोय.

"प्रभूदा, चहा," ती म्हणाली.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन फक्त मान हलवली. आणि वहिनी, दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या, स्वप्नालीचा हात धरून म्हणाल्या, "हार्टचं ऑपरेशन ठरलंतं गं. भूमीची सहामाही झाली की करायचं म्हणत हुते. कुणाला सांगू देईनात."

स्वप्नाली त्यांच्याकडं बघत राहिली. जिना. मोबाइल. मी घरात नसलो तर. सगळं एकदम समोर आलं. आजही त्या क्षणाबद्दल तिला वाक्य सापडत नाही. एवढी वाक्यं वाचली होती तिनं.

संध्याकाळी अमरसिंहचा फोन आला. "स्वप्नाली, चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लावाय पायजे. सकाळी माती हाय. फोटो बघ की एखादा घरात."

घरात माणसं भरली होती. स्वप्नालीनं भूमिकाला बाजूला घेतलं. भूमिका जिन्याजवळ बसली, लॅपटॉप उघडला. तिनं सवयीनं क्लिक केलं आणि दिसत नाही म्हणायला तोंड उघडलं.

फोल्डर उघडलं.

दोघी पडद्याकडं बघत राहिल्या. मग स्वप्नालीनं देवघराकडं बघितलं. तिथं अंधार होता. पांढरा प्लग जाग्यावर होता. सांज टळून गेली होती आणि आव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. माळ कुणी लावली नव्हती.

श्रावणापासून पहिल्यांदा ते संध्याकाळी चाललं होतं.

"पप्पांना सांग..." भूमिका म्हणाली, आणि थांबली.

फोटो हजारो होते. त्यात प्रभुलिंग नव्हता. कॅमेरा कायम त्याच्याच हातात. भूमिका खाली खाली जात राहिली. वाढदिवस, पाट्या, गॅदरिंग, पाट्या. शेवटी एक सापडला. पन्हाळ्यावरचा. तिनंच लहानपणी काढलेला, तिरका. तटबंदी कलली आहे आणि तो तोंड उघडं ठेवून काहीतरी सांगतोय. बहुतेक, सरळ धर.

स्वप्नाली तो घेऊन दुकानात गेली. अमरसिंह स्वतः मशीनवर बसला होता. मजकूर तोच, रोजचा. भावपूर्ण श्रद्धांजली. तिनं ऱ्हस्व-दीर्घ तपासले. मग म्हणाली, "चेहरा एक छटा उजळ करा."

"कशाला?"

"प्रभूदा सगळ्यांचा करायचे."

अमरसिंहनं केला. सेव्ह करताना तो काही बोलला नाही. तिनं वाट बघितली होती.

पुढं एका दुपारी पेठेतली लाइट गेली नि आली. नंबर पक्का करायचा राहिलाच होता, तो बदलला. भूमिकानं जिना चढून वरचा कॉम्प्युटर चालू केला, तिच्या नावाचा पासवर्ड घातला, नवा नंबर बघितला, खाली येऊन लॅपटॉपवर घातला. त्या रविवारी बापानं केलं होतं तसं. फोल्डर उघडलं. तिला आता येतं. तो नसतानाही येतं. त्याला हवं होतं ते झालं. प्रिंट मात्र वरून कुणी देत नाही.

परवा सांजेला स्वप्नाली गेली तेव्हा भूमिका आव्वांच्या मागं लागली होती. "आव्वा, लाव की माळ. प्लग काढ खुशाल. मला नंबर घालाय येतंय आता."

आव्वांनी तेलाचा दिवा लावला होता. बसवण्णांचा फोटो त्याच्या उजेडात अर्धाच दिसत होता.

"त्यो बटण करून देतो म्हणालाय," आव्वा म्हणाल्या.

"अगं पण..."

"अर्धं केलंय की. बघ की तिथं."

आकारामनं ड्रिल परत मागितलेलं नाही. ते खुर्चीवरच आहे. बोर्ड भिंतीला एका स्क्रूवर लटकतोय, जरासा तिरका. दुसऱ्या भोकाच्या जागी पेन्सिलीची बारीक फुली आहे.