चिंचेवरचे बगळे आणि मालतीकाकूंचा टीव्ही

चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा हसता हसता एकाने अख्खी बशी माझ्या शर्टावर ओतली होती. ठेवलात? मग ऐका. चुका कोण करत नाही हो? पण एका चुकीत, एकाच दिवशी, दोन तालुक्यांत आपली शोभा करून घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. बघून घ्या, समोरच बसलाय.

माझा धंदा व्हिडिओ शूटिंगचा. डहाणू स्टेशनजवळ स्टुडिओ आहे. लग्न, हळद, बारसं, जे असेल ते. माझा मेहुणा पंकज दुसरा कॅमेरा धरतो आणि चित्रांची कापाकापी करतो. आवाज चढवायचं काम माझं. आवाजाचं काम मी दुसऱ्या कोणाला देतच नाही, कारण मला माझ्या आवाजाचा फार अभिमान. म्हणजे होता.

त्यात मला नाद जंगलाच्या फिल्म्स बघायचा. सिंहाच्या, देवमाशांच्या, मुंग्यांच्या, काहीही चालतं. त्यात तो मागून बोलणारा माणूस असतो ना, खोल आवाजात, एकेक शब्द तोलून? मला तो आवाज इतका चढला, की मी घरातसुद्धा तसाच बोलायला लागलो. धाकटी डहाणू गावातली एक मावशी बाजारात बोंबील घेऊन बसते. तिला एकदा विचारलं, "खाडीच्या... गढूळ पाण्यातून आलेला... हा चमकदार जीव... केवढ्याला?"

मावशी म्हणाली, "घसा बसलाय का रं भाऊ? घरी जा नि आल्याचा चहा घे."

बायको तर सरळ हात जोडायची. "अहो, मीठ हवं तर मीठ म्हणा. सिंह येत नाहीये मागून."

तर अशा माणसाकडे पावसाळ्याच्या तोंडावर सुमनबाई आल्या. सुमनबाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. आता रिटायर होऊन कोसबाडला राहतात. तलासरीकडच्या एका पाड्यावर त्या पक्ष्यांसाठी जात असतात. तिथे एक जुनी चिंच आहे. पावसाळ्यात त्या चिंचेवर शेकड्यांनी बगळे घरटी करतात. नुसता कलकलाट! आणि खाली पांढरा सडा. वास म्हणाल तर सुकी मासळी बरी.

गावाला तिथे समाजमंदिराचा हॉल बांधायचा होता. बगळे हिवाळ्यात उडून जातात, तेव्हा झाड तोडून टाकू, असं ठरत आलेलं. येत्या सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय येणार होता. बाईंनी आधी तक्ते लावून भाषणं दिली होती. लोक जांभया देत बसले. झाडाच्या खालीच लक्ष्मणदादांचं घर. ते तर उठून म्हणाले होते, "बाई, तुम्ही राहता कोसबाडला. खाली राहतो मी. भाताच्या ताटात पडतं वरून, ताटात!"

बाईंनी तक्ते गुंडाळले.

बाई मला म्हणाल्या, "विलास, भाषणाने होत नाही. तू ते जंगलाचे कार्यक्रम बघतोस ना, तशी फिल्म कर. लोकांनी एकदा डोळ्यांनी बघितलं ना, की कुऱ्हाड उचलायला हात धजणार नाही."

मला कोणी फिल्म कर म्हणायची खोटी! अख्खा पावसाळा पंकज आणि मी त्या चिंचेखाली छत्री धरून. काड्या आणणारे नर, अंड्यांवर बसलेल्या माद्या, चोची वासून ओरडणारी पिल्लं, सगळं टिपलं. बाईंनी निवेदन लिहून दिलं. मी ते माझ्या त्या खास आवाजात वाचलं. बाई समोर बसून चुका काढत होत्या. "ळ नीट म्हण, विलास. सातवीतही तुझा ळ असाच होता."

आता गंमत इथे आहे. त्याच जानेवारीत मालतीकाकूंच्या मुलाचं लग्न होतं. काकू आमच्या डहाणूतल्या, नवरा रेल्वेत, घर माणसांनी भरलेलं. लग्न झोकात झालं. फक्त शेवटच्या पंगतीला जिलब्या कमी पडल्या आणि काकूंनी आचाऱ्याला फैलावर घेतलं. मीसुद्धा बाजूला उभा राहून म्हणालो, "या आचाऱ्यांचं असंच असतं, काकू." हे लक्षात ठेवा.

सव्वीस तारखेला सकाळी तलासरीची ग्रामसभा आणि त्याच दुपारी काकूंकडे नव्या सुनेच्या हातून सत्यनारायण. दोन्हीकडे फिल्म द्यायची. दोन्ही दहा-बारा मिनिटांच्या. लग्नाच्या फिल्मला आवाज म्हणजे सनई, गुरुजी आणि नातेवाइकांनी माइकसमोर बोललेलं. बगळ्यांच्या फिल्मला आवाज म्हणजे अस्मादिक. एका आवाजाच्या फाइलला मी नाव दिलं 'फायनल', दुसऱ्या आवाजाच्या फाइललाही 'फायनल', फक्त पुढे एक टिंब. आता मला सांगा, घाईच्या वेळी टिंब कोणाला दिसतं?

आणि तयार झाल्यावर एकदा बघून घ्यायला काय झालं होतं? पण नाही! एवढी वर्षं हेच करतोय, बघायचं काय त्यात? एक पेन ड्राइव्ह पंकजच्या हाती काकूंकडे, दुसरा खिशात घालून मी बाईंना मोटरसायकलवर मागे बसवून तलासरीला.

झेंडावंदन झालं. शाळेच्या वर्गात खिडक्यांना ताडपत्री लावली, भिंतीवर पडदा. अख्खा पाडा आत. लक्ष्मणदादा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी बटण दाबलं.

पडद्यावर चिंच. आणि लागली सनई!

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. एक बगळा चिखलातून एकेक पाय उचलत, मान ताठ करून सावकाश चालत आला, आणि गुरुजींचा आवाज घुमला, "वरपित्यांनी पुढे यावं! लवकर यावं, मुहूर्त टळतोय!"

वर्गात एकच हशा. मी बंद करायला धडपडत उठलो, तर मागून बायका ओरडल्या, "बस ना खाली! दिसत नाही!" मला अक्षरशः शर्टाला धरून बसवलं हो.

पडद्यावर चार पिल्लं चोची वासून किंचाळतायत आणि नवऱ्यामुलाचा मामा माइकवरून सांगतोय, "मंडळी, जेवल्याशिवाय कोणीही जायचं नाही!" सरपंच डोळे पुसत होते, हसून हसून. मी मनात म्हटलं, संपलं. चिंच गेली आणि बाईंसमोर माझी अब्रूही गेली.

मग पावसात अंड्यांवर बसलेली मादी दिसली. भिजून चिंब झालेली, पण हलत नाही. आणि आवाज आला नवरीच्या आईचा. "विहीणबाई, सगळं तुमच्या मनासारखं होऊ दे. पण पहिलं बाळंतपण माझ्याकडेच हं! लेक माहेरीच यायला हवी. तेवढं माझं ऐका."

हसू कमी झालं. कोणीतरी म्हातारी म्हणाली, "बाळंतीण आहे गो ती."

पुढे नर बगळा चोचीतलं काढून पिल्लांना भरवतोय, आणि नवरीचा बाप बोलतोय. "पोरीला कधी उपाशी ठेवली नाही. आम्ही कमी खाल्लं, पण तिला ठेवली नाही." मग पिल्लू फांदीच्या टोकाला आलं, थोडं घाबरलं, आणि उडालं. बाप म्हणाला, "जा बाळा. आठवण ठेव." शेवटी रिकामी घरटी आणि सनई.

 बायका पदराने डोळे टिपतायत. खरं सांगतो, मलाही भरून आलं. ते लग्न मी स्वतः शूट केलं होतं, पण तिथे मी नीट ऐकलंच नव्हतं.

लक्ष्मणदादा उठले. म्हटलं, आता काय ऐकवतात कोण जाणे.

"माझी लेक सुनीता येणार आहे जूनमध्ये," ते म्हणाले. "पहिलं बाळंतपण आहे. तिला फोन करून सांगू का, की बाय, हॉल बांधायचा होता म्हणून तुझं माहेर तोडलं?"  मग ते सरपंचांकडे वळले. "हॉल पलीकडच्या पडीक जागेत बांधा. पण मला अंगणावर टाकायला पत्रे द्या. बाळंतिणी वरती असल्या तरी भात मला खाली जेवायचा आहे."

पत्रे मंजूर झाले, चिंच राहिली. टाळ्या पडल्या. बाईंचे डोळे भरलेले. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "विलास, हे मी लिहिलेलं नव्हतं."

"नाही बाई."

"मग मी लिहिलेलं कुठे गेलं?"

अरे देवा!

लग्नाचा आवाज इथे वाजला. मग माझा आवाज कुठे असणार? काकूंच्या टीव्हीवर! सगळ्या पाहुण्यांसमोर! नव्या सुनेच्या माहेरच्यांसमोर!

काकूंना फोन लावला, उचलेनात. पंकजला लावला.

"पंकज, फिल्म लावू नकोस!"

"भाऊजी, लावली पण. मंडळी खूश आहेत."

"कशावर खूश आहेत?"

पंकजने हसू दाबलं. "तुम्ही या लवकर," म्हणाला.

बाईंना तिथेच सोडलं आणि गाडी हाणली. दापचरी, चारोटी, आशागड, कुठे काय लागलं आठवत नाही. डोक्यात एकच, निवेदनात काय काय लिहिलं होतं? जेवढं आठवत होतं तेवढा घाम फुटत होता.

काकूंच्या दारात चपलांचा ढीग. मध्येच वीज गेली होती म्हणे, अडलेली फिल्म नुकतीच पुन्हा सुरू झालेली. आतून माझाच आवाज, खोल, एकेक शब्द तोलून. पडद्यावर वरात. नवरदेव आणि त्याचे मित्र रस्त्यात नाचतायत. "विणीचा हंगाम आला... की नर पिसं फुलवतो... मान पुढे-मागे हलवतो... आणि मादीचं लक्ष जाईपर्यंत... थांबत नाही."

शेजारचे रमणिकभाई सोफ्यावर लोळत होते. "अरे विलासभाई, आवो आवो! सरस छे!"

मी टीव्हीकडे धावलो. पण रिमोट काकूंच्या हातात. आणि काकूंचा चेहरा... काय सांगू! "बस तिथे," म्हणाल्या. "बघू दे मला, अजून काय काय म्हणालायस."

पडद्यावर गृहप्रवेश आला. माप ओलांडणारी सून, आणि दारात खुद्द मालतीकाकू, कमरेवर हात.

"ही थव्यातली वयस्कर मादी," माझा आवाज म्हणाला. "नवं पाखरू आलं... की ती त्याच्याकडे... एका डोळ्याने बघते. घरट्यातली काडी अन् काडी... हिने रचलेली. कोणी हात लावलेला... हिला खपत नाही."

नव्या सुनेने पदर तोंडात कोंबला. उपयोग झाला नाही. फिस्सकन हसली बिचारी. काकूंनी तिच्याकडे बघितलं, अगदी एका डोळ्याने! मग काय, काकासुद्धा हसायला लागले. माझी हालत विचारू नका. एका नव्या संसारात पहिल्याच पूजेला काडी टाकली की हो मी!

"काकू, चूक झाली, फाइल बदलली, बगळ्यांचं होतं ते..." मी हात जोडून बडबडत होतो.

"बस म्हटलं ना?"

आता पंगत, ती पंकजने शेवटी जोडली होती. थवा उथळ पाण्यावर उतरतो, ढकलाढकली होते, दुबळे काठावर राहतात, वगैरे सगळं झालं. आणि मग पडद्यावर जिलबीचं टेबल आलं. टेबलाजवळ एक माणूस. गळ्यात कॅमेरा.

मी होतो हो! पंकजच्या कॅमेऱ्यात मी!

"आणि हा कावळा," माझा आवाज म्हणाला. बाईंनी कावळ्यावर चार वाक्यं लिहिली होती, चारही खणखणीत. "घरटं बांधण्यात... याचा काही उपयोग नाही. पण खाणं कुठे ठेवलंय... हे याला सगळ्यात आधी कळतं. तो इकडेतिकडे बघतो..."

पडद्यावर मी इकडेतिकडे बघितलं.

"कोणाचं लक्ष नाही, अशी खात्री करतो..."

मी खात्री केली.

"आणि उचलतो."

एक जिलबी तोंडात. दुसरीही तोंडात. बाकीच्या कागदात गुंडाळून कॅमेऱ्याच्या बॅगेत.

घर नुसतं दणाणलं. रमणिकभाई सोफ्यावरून खाली आले. काकू इतक्या हसल्या, की रिमोट सुटून प्रसादाच्या शिऱ्यात पडला. सून सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती आणि सासू तिला धरून. दोघींची गट्टी जमली ती तिथेच.

मी मान खाली घालून म्हणालो, "काकू, उद्या नीट करून आणतो. माझा आवाज पूर्ण काढून टाकतो."

काकूंनी डोळे पुसले आणि शिऱ्याची ताटली माझ्यासमोर सरकवली.

"काही काढायचं नाही. फक्त ते 'वयस्कर' तेवढं काढ."

"आणि कावळा?"

"कावळा राहू दे. मी त्या आचाऱ्याला दाखवणार आहे. बिचाऱ्याला विनाकारण बोलले!"