ब्रेकचं फेज टूमध्ये बघू

चहा ओता आधी आणि मग ऐका, कारण हे ऐकल्यावर तुमच्यापैकी कोणी मला साधी सायकल घेतानासुद्धा सल्ला विचारणार नाही. न विचारलेलाच बरा.

मी तेव्हा इंग्लंडमध्ये, रीडिंग नावाच्या गावात होतो. वर्क परमिटवर येऊन वर्ष होत आलं होतं. माझी बायको मुग्धा आणि मी एका टेकडीच्या उतारावर भाड्याच्या सेमी-डिटॅच्ड, म्हणजे एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या घरात राहायचो. ऑफिस एम-फोर हायवेच्या कडेला, सगळं काचेचं. आणि त्या वर्षभरात शेजाऱ्यांशी आमचं एकूण बोलणं म्हणजे त्यांनी 'ऑलराइट?' म्हणायचं आणि आपणही 'ऑलराइट' म्हणायचं. सुरुवातीला मला वाटलं, हा खराच प्रश्न आहे. मी एकाला खोकल्याचं सविस्तर सांगायला लागलो, तर माझं वाक्य संपेपर्यंत तो गाडी सुरू करून गेलासुद्धा.

शेजारच्या घरात ट्रेव्हर राहायचा. पंचावन्नच्या आसपासचा, धिप्पाड, लालबुंद गालांचा. लोकांच्या बागा करायचा. लॉन कापणं, कुंपणाची हेज छाटणं, झाडं लावणं. आमचा उतार जिथे संपतो तिथे एक गोल चौक, म्हणजे राउंडअबाउट होता, त्याच्या मधल्या गोलातली फुलंही कौन्सिलसाठी तोच लावायचा.

त्याच्याकडे एक पिकअप होती. साठच्या दशकातली, छोटी, हिरवी, पुढे बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन गोल दिवे. त्याच्या वडिलांची. लोक असल्या गाड्या पुसून-बिसून गॅरेजात ठेवतात आणि उन्हाळ्यात एखाद्या रविवारी बाहेर काढतात. ट्रेव्हर तीच रोज कामाला न्यायचा. मागे लॉनमोअर, फावडी, खताची पोती. आणि गाडी दर दोन-चार दिवसांनी कुठेतरी बसकण मारायची. मग हा पावसात रस्त्याच्या कडेला बॉनेटमध्ये डोकं घालून उभा.

ख्रिसमसच्या आधी कोपऱ्यावरच्या एका आजीबाईंनी सगळ्या रस्त्याला ड्रिंक्सना बोलावलं. आम्हालाही. तिथे ट्रेव्हरने मला विचारलं, तू काय करतोस? मी म्हणालो, इंजिनिअर आहे.

आता पुण्यात 'इंजिनिअर' म्हटलं की मुलीचे वडील खुर्ची पुढे सरकवतात. इंग्लंडमध्ये इंजिनिअर म्हणजे बॉयलर बिघडला की व्हॅन घेऊन येतो तो. हे मला माहीत नव्हतं. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी भागलं असतं. पण वर्षात पहिल्यांदा कोणी माझ्या कामाबद्दल विचारत होतं, मग मी थांबतोय कशाला? मी त्याला सोपं करून सांगायला गेलो. म्हटलं, सध्या आम्ही एक जुनं इंजिन काढून नवीन मॉडर्न इंजिन बसवतोय. अवघड भाग असा, की जुनं रोजच्या वापरात आहे, एक दिवसही बंद ठेवता येत नाही, आणि आजूबाजूचं बाकी सगळं जुनंच राहणार.

मी बोलत होतो एका इन्शुरन्स कंपनीच्या सॉफ्टवेअरबद्दल. प्रीमियम काढणाऱ्या प्रोग्रॅमला आमच्यात 'प्राइसिंग इंजिन' म्हणतात. सोपं करण्याच्या नादात मी 'प्राइसिंग' गाळलं, 'सॉफ्टवेअर' तर उच्चारलंच नाही.

ट्रेव्हरने हातातला ग्लास खाली ठेवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला तसाच बाहेर थंडीत घेऊन गेला, पिकअपपाशी. बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मग हिच्यात कुठलं बसवशील?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या हातात अर्धा खाल्लेला मिन्स पाय होता, म्हणजे ती ख्रिसमसची गोड सारणाची करंजी. तो संपवायला मी जितका वेळ लावता येईल तितका लावला. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं, मान्य. पण खांद्यावरचा तो हात अजून तिथेच होता हो. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या सकाळी तो स्वतःच्या मळ्यातले ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे लिंबाएवढे कोबी घेऊन दारात उभा. पुढच्या आठवड्यात मला पबमध्ये घेऊन गेला आणि बारपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना म्हणाला, हा माझा इंजिनिअर. लोकांनी सरकून मला जागा करून दिली. एकाने त्याच्या गाडीच्या क्लचमधून आवाज येतो त्याचं काय करू म्हणून विचारलं. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, आधी ऑब्झर्व्ह कर. तो अतिशय समाधानाने गेला. ऑफिसमध्ये दहा जणांच्या मीटिंगमध्ये मला कोणी खिडकी उघडू का असंही विचारत नव्हतं, आणि इथे माझ्या शब्दावर लोक मान डोलवत होते.

मुग्धाला कळलं तेव्हा ती भाजी चिरत होती. चिरणं न थांबवता म्हणाली, "अरे, तुला आपल्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही. स्क्रीनवॉशचं पाणी मी भरते." मी म्हटलं, इंजिन मी थोडंच बसवणार आहे, फक्त कुठलं ते निवडायचंय. निवडणं हे ॲनालिसिसचं काम आहे. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कांदा घेतला.

मग मी ॲनालिसिसला लागलो. ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. जुन्या गाड्यांत नवी इंजिनं घालणाऱ्या वेड्या लोकांचे फोरम्स होते, ते लंच अवरमध्ये बसून वाचून काढले. निवड तीन इंजिनांत होती. एक, त्याच कंपनीचं थोडं मोठं, पण जुनंच इंजिन. दुसरं, एक डिझेल. तिसरं, भंगारात निघालेल्या एका जपानी गाडीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, जवळजवळ दुप्पट ताकदीचं, आणि म्हणे कधीच बंद न पडणारं. मी तिन्हींना गुण दिले, रंग दिले, आणि ट्रेव्हरच्या किचनमध्ये लॅपटॉप ठेवून चक्क प्रेझेंटेशन दिलं. ट्रेव्हर तोंड उघडं ठेवून बघत होता. जपानी इंजिनाचा रकाना हिरवागार होता.

तिथे त्याचा मेव्हणा कीथही होता. कीथ म्हणजे ट्रेव्हरच्या बहिणीचा नवरा. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, आवाज ढगांच्या गडगडाटासारखा, आणि ते जुनं-पण-मोठं इंजिन त्याच्याच आवारात ताडपत्रीखाली पडून होतं, त्यामुळे त्याचं मत आधीच ठरलेलं. तो म्हणाला, जपानी इंजिन हिच्यात मावणारच नाही, बॉडी कापावी लागेल. मी म्हणालो, मावतं. फोटो दाखवले. त्याने विचारलं, तू आजवर अशी किती केलीस? मी म्हणालो, मोठं असं हे पहिलंच. एका अर्थाने खरंच होतं ते.

कीथ मोठ्याने हसला. आणि ट्रेव्हर, जो कोणाला उलटून बोलत नसे, तो त्याला म्हणाला, "तू नटबोल्ट पिळतोस कीथ. हा इंजिनिअर आहे."

कीथ उठून गेला. त्यानंतर त्याची बायको, म्हणजे ट्रेव्हरची सख्खी बहीण, रविवारच्या जेवणाला यायची बंद झाली. एवढ्यावर मी पोचलो होतो बघा. लोकांची घरं फोडायला लागलो होतो.

आणि मग तो प्रश्न आला. ट्रेव्हर मला दारापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, इंजिनची ताकद दुप्पट होणार, पण ब्रेक तेच जुने आहेत, वडिलांच्या वेळचे. चालेल का?

माझ्या प्रेझेंटेशनमध्ये ब्रेकची स्लाइडच नव्हती. ब्रेक हा विषय माझ्या मनात आलाच नव्हता. पण उत्तर येत नसलं की काय म्हणायचं, हे आयटीतल्या नोकरीने मला पक्कं शिकवलं होतं. मी जराही न अडखळता म्हणालो, "ब्रेकचं फेज टूमध्ये बघू."

त्याने समजल्यासारखी मान हलवली. त्याला वाटलं, ही मोटारींच्या शास्त्रातली काहीतरी ठरलेली पद्धत असेल. पबमध्येही तो सांगत सुटला, ब्रेक फेज टूमध्ये आहेत. ऐकणाऱ्यांनाही ते पटलं.

न्यूबरीच्या बाजूला एका वर्कशॉपने इंजिन बसवून दिलं. आणि ते मावलं. बॉडी तसूभरही कापावी लागली नाही. कीथ चुकला होता. सकाळी एका किल्लीत गाडी सुरू व्हायची. मी टाय बांधता बांधता तो आवाज ऐकायचो आणि मला असं वाटायचं, जणू इंजिन मीच ओतून घडवलंय. ट्रेव्हरने लांबलांबची कामं घेतली. वसंत ऋतू लागला होता, बागवाल्याचा खरा सीझन. मला म्हणाला, कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. फेज टूचं त्यानेही काढलं नाही, मीही काढलं नाही.

एका शनिवारी त्याने मला बरोबर चल म्हटलं. मागे ओल्या टर्फच्या गुंडाळ्या रचलेल्या, म्हणजे चिखल-मातीसकट उपटलेलं लॉन. वजन किती असतं त्याचं, विचारू नका. टेकडीवरून निघालो. गाडी उतारावर सुसाट सुटली. ट्रेव्हर खुशीत होता, मी खिडकीतून कोपर बाहेर काढून बसलो होतो. आजीबाई दारात होत्या, त्यांना मी हात केला.

मग जळका वास आला. ट्रेव्हरने ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. मी त्याच्या पायाकडे बघितलं, तर पेडल पार खाली टेकलेलं. त्याने गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला. समोर राउंडअबाउट. उजवीकडून एक बाई गाडीत दोन लहान मुलं घेऊन येत होती, त्यामुळे वळायला जागा नव्हती.

"घट्ट धर," एवढंच तो म्हणाला, आणि त्याने गाडी सरळ मधल्या गोलात घातली.

ती दगडी कड चढताना काय मोडलं ते तेव्हा कळलं नाही, नुसता आवाज आला. थांबलो तेव्हा आम्ही ट्युलिपच्या मधोमध होतो. शरद ऋतूत गुडघ्यावर बसून त्यानेच लावलेले कंद. लाल आणि पिवळे. टर्फच्या गुंडाळ्या केबिनवरून उडून पुढे पडल्या होत्या. पुढची दोन्ही चाकं दोन दिशांना तोंड करून उभी होती. आम्हाला दोघांनाही खरचटलंसुद्धा नाही.

इंजिन मात्र चालूच होतं. काय सुरेख चालत होतं.

ट्रेव्हरने किल्ली फिरवून ते बंद केलं. आमच्याभोवती गाड्या गोल गोल जात होत्या. प्रत्येक जण वेग कमी करून बघायचा आणि मग शिष्टाचाराने मान वळवायचा. ट्रेव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू नक्की कसली इंजिनं बसवतोस?"

मी सांगितलं. सॉफ्टवेअर. इन्शुरन्स. प्रीमियम.

"म्हणजे हातात धरता येत नाही, असलं?"

"नाही."

त्याने एक शिवी तरी हासडायची. आपल्याकडे असता, तर कॉलर धरून दोन लगावल्या असत्या आणि संध्याकाळी आम्ही दोघं एकत्र चहा प्यायलो असतो. हा खाली उतरला, गुडघे टेकले, आणि चाकाशेजारी आडवे झालेले ट्युलिप एकेक करून सरळ करायला लागला. मीही शेजारी बसलो. एक ट्युलिप उभा करायला गेलो, तर देठ हातातच आला. तो शांतपणे म्हणाला, "तू राहू दे."

चासी, म्हणजे गाडीचा सांगाडाच वाकला होता. पिकअप पुन्हा रस्त्यावर आली नाही. उरलेला सगळा सीझन कीथने ट्रेव्हरला आणि त्याच्या लॉनमोअरला आपल्या व्हॅनमधून नेलं-आणलं. दोघांचं भांडण मिटलं, बहीण रविवारी जेवायला यायला लागली. व्हॅनमध्ये दोघांना बोलायला विषय कुठला असेल, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मुग्धाने शंकरपाळे केले, ते घेऊन मी माफी मागायला गेलो. ट्रेव्हरने दारातच डबा घेतला, थँक्यू म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी डबा धुऊन आमच्या पायरीवर ठेवला. त्यानंतर आम्ही पुन्हा 'ऑलराइट?' वर आलो. खरं काय ते त्याने पबमध्ये कुणालाही सांगितलं नाही. त्यामुळे रस्त्यावर मी शेवटपर्यंत इंजिनिअरच राहिलो, फक्त वाईट इंजिनिअर.

पानगळ सुरू झाली तेव्हाची गोष्ट. मी कचऱ्याचा बिन बाहेर काढत होतो, तर ट्रेव्हर काखेत लॅपटॉप घेऊन घरातून निघाला. बिलं करायला नवीन घेतला होता म्हणे, आणि आता उघडतच नव्हता, बहुतेक व्हायरस शिरला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं, देवाने संधी दिली. मी हात पुसत पुढे झालो आणि म्हणालो, "दे इकडे, मी बघतो. पाच मिनिटांचं काम आहे. माझा धंदाच हा."

ट्रेव्हरने लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"नको, नको," तो म्हणाला. "कीथ बघतो म्हणालाय."

आणि नुसतं बघितलं नाही हो कीथने. दुरुस्त करून दिला.