शेवटच्या डब्याची पाटी

भाऊजींना शेवटचं भेटलो तेव्हा मी एक गोष्ट कबूल करायला गेलो होतो, आणि ती न करताच परत आलो. दवाखान्यात दुपारची भेटायची वेळ होती. नाकात ऑक्सिजनची नळी, हात चादरीवर. डोळे उघडून त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "बाहेर किती जन हायेत?" मी म्हटलं, "नऊ." "मांगचा कोन?" "मीच, भाऊजी." "मंग ठीक हाय," म्हणाले आणि डोळे मिटले. मी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली, "भाऊजी, ते…" एवढं म्हटलं, आणि नर्स आली. मला तिचा राग यायला हवा होता. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा, रश्मीचा फोन आला. "मामा, पप्पा चले गये." मग जरा थांबून, बापाची बातमी तरी मराठीत द्यावी असं वाटलं असेल, ती हळूच म्हणाली, "गेले."

मनोहर भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शकूताईचे यजमान, मालगाडीचे गार्ड होते. भिलाई-३ च्या यार्डातून गाडी घेऊन निघायचे ते दुसऱ्या दिवशी कधीतरी दुर्गला मोहन नगरच्या घरी उगवायचे. पुढे रेल्वेनं गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, तेव्हा ते निवृत्त होते, तरी आठवडाभर चिडून होते. "मॅनेजर हापिसात बसते. गार्ड गाडीच्या मांगं बसते," एवढाच त्यांचा मुद्दा. पण त्यांची खरी गाडी वर्षातून एकदाच निघायची. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी आमचं अख्खं खानदान कवर्ध्याच्या पुढे, चिल्फीच्या घाटावर सहलीला जायचं. नाल्याकाठी स्वयंपाक, जेवण, मग समोरची टेकडी चढायची, वरून मैकलचे डोंगर पाहायचे, खाली यायचं आणि अंधाराआधी घाट उतरायचा. एक जीप, एक मेटॅडोर, वीस-बावीस माणसं, आणि भाऊजींच्या खिशात शिटी, काखेत दोन झेंड्या. हिरवी दाखवल्याशिवाय चाक हलायचं नाही. उशीर झाला तर त्याचं कारण वहीत लिहिलं जायचं. माझ्या आईनं त्या वहीत एकदा स्वतःचं नाव वाचलं होतं: "सासूबाईंचा गुडघा, बारा मिनिटं." "जवाई हाये का इन्स्पेक्टर?" आई म्हणाली, आणि दिवसभर मुद्दाम हळू चालली.

या सगळ्यात पवित्र वस्तू म्हणजे पाटी. मालगाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक पाटी असते, 'एलव्ही', म्हणजे हाच शेवटचा डबा. स्टेशनातल्या माणसाला डबे मोजावे लागत नाहीत. पाटी दिसली की गाडी पूर्ण आली. पाटी दिसली नाही तर मागे काहीतरी तुटून राहिलं. भाऊजींनी हाच कायदा टेकडीला लावला. सरकारी पाटी घरी आणणं त्यांना पटणारं नव्हतं, म्हणून बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला पिवळा रंग देऊन वर काळ्या रंगात दोन अक्षरं काढली आणि सुतळी ओवली. टेकडी उतरताना ही पाटी ज्याच्या गळ्यात, त्यानं सगळ्यांच्या मागे यायचं. तो खाली पोचला की सगळे पोचले. पोरं दमली, म्हाताऱ्या बसल्या, कोणाच्या चपलेचा पट्टा तुटला, तरी पाटीवाल्यानं कोणाच्याही पुढे पाऊल टाकायचं नाही.

आता मुद्द्यावर येतो. छत्तीसगढ राज्य तेव्हा नवंनवं झालं होतं आणि माझं लग्नही. लग्नाला तीन महिने झालेले, बायकोची ही पहिलीच सहल. मी मेटॅडोरच्या शेवटच्या बाकावर, चाकाच्या बरोब्बर वर बसलो आणि घाटाच्या पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत उलट्या केल्या. बायकोनं माझं डोकं धरलं. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये भट्टीसमोर उभं राहणारा नवरा तिला स्थळ सांगताना दाखवला होता, तो हा. त्यामुळे परतीच्या वेळी ड्रायव्हरशेजारची पुढची सीट मिळवायची, एवढा एकच विचार दिवसभर माझ्या डोक्यात होता. आणि टेकडीच्या माथ्यावर भाऊजींनी पाटी माझ्याच गळ्यात टाकली.

उतरताना शेवटी मी आणि ताई राहिलो. वाटेत आवळ्याचं झाड लागलं. ताई थांबली, पदर पसरला. "तू हो पुढं दिल्या, मी आलीच." मी व्हायला नको होतं. पण खाली मेटॅडोरभोवती पोरं जमू लागली होती, आणि पुढची सीट मला तिथूनसुद्धा रिकामी दिसत होती. मी झालो पुढं. भाऊजी झेंडी घेऊन उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिलाच नाही, पाटी पाहिली. "कम्प्लीट?" मी म्हटलं, "कम्प्लीट." ताई दोन मिनिटांत येईलच, ती आली की सांगू, असं मनात होतं… पण तेवढ्यात शिटी वाजली, हिरवी झेंडी हलली, आणि मी पुढच्या सीटवर डोळे घट्ट मिटून बसलो. उलटी होऊ नये म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

बायकांच्या जीपला वाटलं ताई नवऱ्याजवळ मेटॅडोरमध्ये आहे. मेटॅडोरमध्ये मागे बसलेल्या भाऊजींना वाटलं ती जीपमध्ये आहे. घाट उतरून पहिल्या टपरीवर चहाला थांबलो तेव्हा छोट्या रश्मीनं विचारलं, "मम्मी का चिवडा किधर है?" चिवड्याचा डबा ताईजवळ असायचा. आईनं जीपकडे पाहिलं, जीपनं मेटॅडोरकडे पाहिलं. आई म्हणाली, "जवाईबापू, माही पोरगी कुठं हाय?" भाऊजींच्या हातातला चहा तसाच राहिला.

आम्ही परत पोचलो तेव्हा ऊन डोंगरामागे चाललं होतं. ताई रस्त्याकडेच्या एका झोपडीपुढे खाटेवर बसून चहा पीत होती, मांडीवर आवळे. झोपडीतली म्हातारी मात्र कमरेवर हात ठेवून तयारच होती. "कइसन मनखे हस गा? अपन डउकी ला पहाड़ म छोड़ के भाग गेस?" डउकी म्हणजे बायको, एवढं छत्तीसगढी आम्हा सगळ्यांना येत होतं. भाऊजींनी टोपी काढली, हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक गार्डाची. गाडी तुटली तर गार्डच जबाबदार." मी मेटॅडोरमध्येच होतो. पाटी मी शर्टाच्या आत सरकवली होती. पत्रा छातीला गार लागत होता.

ती चूक त्यांना पुढे कोणी विसरू दिली नाही. लग्नाकार्यात भेटेल तो विचारायचा, "भाऊजी, बायको मोजली का?" निवृत्तीच्या समारंभात एक सहकारी माइकवरून म्हणाला, "इतक्या वर्षांत साहेबांनी एक डबा मागे सोडला नाही, फक्त एक बायको सोडली." हॉल हसला. भाऊजीही हसले. तिसऱ्या रांगेत मीही टाळ्या वाजवल्या. पण मला खरा त्रास व्हायचा तो ताईचा. तिला वाटत असणार, दिल्यानं खाली जाऊन सांगितलंच असेल आणि तरी नवरा मला विसरून निघाला. भांडण झालं की ती म्हणायचीच, "मले पहाडावर टाकून येनारा मानूस!" ते मान खाली घालायचे. माझ्यामुळे. आणि कळस म्हणजे दर संक्रांतीला टेकडीवर ते पाटी काढायचे, सगळ्यांवर नजर फिरवायचे आणि माझ्याच गळ्यात टाकायचे. किती भोळा विश्वास, असं वाटून मी आणखी गप्प व्हायचो. इतकी वर्षं मागून चाललो, की आमच्या घरातल्या सगळ्यांना मी आता पाठीवरून ओळखतो.

तेरवीनंतर आठ दिवसांनी मोहन नगरला गेलो. ताई ओट्याशी तूर निवडत बसली होती. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला पाटी, पाटीवर शिटी. बसायच्या आधीच मी सगळं बोलून टाकलं. पुढची सीट, कम्प्लीट, शर्टातली पाटी, सगळं. ताईचा हात तुरीतून फिरतच होता.

"झालं सांगून?"

"हो."

"मले ठाऊक हाय. त्यायलेबी ठाऊक होतं. त्याच दिवशी घरी येऊन पाय धुता धुता मी सांगलं, दिल्याले मीच पुढं धाडलं म्हनून."

मी विचारलं, "मंग भाऊजी मले कावून नाही बोलले?"

"म्हने, पोराचं नवं लगन हाय. सकाळी उलट्या केल्या, संध्याकाळी बहीन इसरला. एका दिवसात त्याच्या बायकोनं काय काय पाहाचं?"

"आन तू? भांडनात कावून म्हनत होती, पहाडावर टाकलं म्हनून?"

"मंग काय म्हनू? दुसरं काही सापडतच नव्हतं त्यायच्यात."

ती हसायला लागली. दरवर्षी म्हणे त्यांची पैज लागायची. ताई म्हणायची, यंदा दिल्या सांगेल. भाऊजी म्हणायचे, नाही सांगत. मग पाटी माझ्या गळ्यात टाकायची आणि दोघांनी माझं तोंड पाहायचं. मी इकडे वर्षानुवर्षं तोंड लपवत होतो आणि यांची ती सहलीतली करमणूक होती. "लय वर्सं तुले आयती संधी देऊन रायले होते," ताई म्हणाली, "पाटी गळ्यात टाकली का क्षनभर थांबत, पाह्य. तू पाटी सरळ करे आन पुढं पाहे." हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. "शेवटपावतर तेच जिंकले."

यंदा कोणी सहलीचं नाव काढेना. वर्ष झालं नाही, कसं जायचं? ताईच म्हणाली, "सन नाही कराचा, कबूल. पहाडाले कोनं मना केलं?" मागच्या रविवारी गेलो. रश्मीनं शिटी वाजवली, पण तिची हवा बाजूनंच जात होती. झेंड्या तिच्या मुलानं धरल्या, तेही दोन्ही एकदम. माथ्यावर ताईनं पिशवीतून पाटी काढली. कोणाकडेही न बघता सरळ माझ्याकडे आली आणि सुतळी डोक्यावरून घातली. उतरताना सगळे पुढे गेले. गुडघा आता ताईचा दुखतो, त्यामुळे शेवटी आम्ही दोघंच. आवळ्याचं झाड लागलं. तेच की दुसरं, मला सांगता येणार नाही. ताई थांबली, पदर पसरला.

"तू हो पुढं दिल्या, मी आलीच."

खाली पुढची सीट रिकामी दिसत होती. शिटी एकदा वाजली, मग पुन्हा वाजली. मी पाटी सरळ केली आणि ताईच्या मागे, वरच्या बाजूला एक दगड पाहून बसलो.